सातबाऱ्याची ओळ आणि फेरफाराचा मागोवा

पीककर्जासाठी, विहिरीच्या अनुदानासाठी किंवा भूसंपादनाच्या मोबदल्यासाठी शेतकऱ्याला प्रथम एकच कागद मागितला जातो. तो म्हणजे सातबाऱ्याचा उतारा. उतारा हाती पडला की बहुतेक खातेदार आपले नाव आणि क्षेत्र तेवढे पाहतात, कागदाची घडी करतात आणि बँकेचा रस्ता धरतात. नावापुढे एक लहानसा क्रमांक छापलेला असतो, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. जुन्या हस्तलिखित उताऱ्यांवर हा क्रमांक वर्तुळात लिहिलेला असे. तो फेरफाराचा क्रमांक होय.

ही ओळ येथे कोणी लिहिली, केव्हा लिहिली आणि कोणत्या आधाराने लिहिली, या तिन्ही प्रश्नांचे उत्तर त्या क्रमांकामागे असते. उताऱ्यावरचे एखादे नाव गळले, क्षेत्र घटले किंवा फेडलेल्या कर्जाचा बोजा तसाच राहिला की कुटुंबात कलह सुरू होतो. तलाठ्याने केले, थोरल्या भावाने केले, चुलत्याने करविले, असे तर्क चालतात. अशा वेळी तर्क करण्यापेक्षा ओळीचा मागोवा घेणे हिताचे असते. तो कसा घ्यावा, त्यातून काय सिद्ध होते आणि काय सिद्ध होत नाही, हे धाराशिव जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी विशेषत्वाने जाणून घ्यावे असे आहे. कारण या जिल्ह्याच्या जमिनीचे दप्तर अनेक राजवटींच्या हातांतून आलेले आहे.

दोन कागद, एक दुवा

सातबारा हा वस्तुतः दोन नमुन्यांचा मिळून बनलेला उतारा आहे. गाव नमुना सात हे अधिकार अभिलेख पत्रक. त्यात गट क्रमांक, भूधारणा पद्धती, भोगवटादाराचे नाव, क्षेत्र, आकारणी, कुळाचे नाव आणि इतर अधिकार यांची नोंद असते. गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही. या दोहोंवरून जमीन आज कोणाच्या नावे आहे आणि तीत काय पेरले आहे, हे समजते. मात्र ही स्थिती कशी आली, ते केवळ सातबाऱ्यावरून कळत नाही.

ते कळते गाव नमुना सहावरून. यालाच फेरफार नोंदवही म्हणतात. तिचे रकाने चारच आहेत. पहिल्यात नोंदीचा अनुक्रमांक, दुसऱ्यात मिळालेल्या हक्काचे स्वरूप, तिसऱ्यात ज्या भूमापन किंवा उपविभाग क्रमांकांवर परिणाम झाला ते क्रमांक आणि चौथ्यात नोंद तपासणाऱ्या अधिकाऱ्याची आद्याक्षरी किंवा शेरा. खरेदी, वारस, वाटणी, बक्षीसपत्र, गहाण, बोजा, न्यायालयाचा हुकूमनामा यांपैकी कोणत्याही कारणाने हक्कात बदल झाला की त्याची हकिगत प्रथम या नोंदवहीत येते. ती प्रमाणित झाल्यानंतरच सातबाऱ्यावरची ओळ बदलते, आणि बदललेल्या ओळीपुढे त्या हकिगतीचा क्रमांक लिहिला जातो. सातबारा आजची स्थिती दाखवतो, तर फेरफार नोंदवही तिचा इतिहास सांगते. क्रमांक हा या दोहोंमधील दुवा आहे.

जुने नाव कमी करण्याची रीतही लक्षात घेण्यासारखी आहे. पूर्वीचे नाव कधीही पुसून टाकले जात नसे. त्याला कंस केला जाई आणि नवे नाव त्याखाली लिहिले जाई. प्रमाणित न झालेली नोंद पेन्सिलीने आणि प्रमाणित झालेली शाईने, असा दंडक होता. आजही गावोगावी ‘पेन्सिलची नोंद’ हा शब्दप्रयोग ऐकू येतो, तो त्या रीतीवरूनच रूढ झाला. आधीचे काय होते ते नजरेआड होऊ नये, हा या सर्व व्यवस्थेचा हेतू होता.

धाराशिवच्या दप्तराची वाट

पश्चिम महाराष्ट्रात मुंबई इलाख्याच्या कायद्यानुसार अधिकार अभिलेखाची पद्धत १९०३ साली सुरू झाली. धाराशिवचा मार्ग निराळा आहे. हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. मध्यंतरी १८५३ ते १८६० एवढ्या अल्प काळापुरता नळदुर्गचा मुलूख इंग्रजांकडे सोपविण्यात आला होता. त्या वेळी मेडोज टेलर हे अधिकारी नळदुर्ग येथे राहून कारभार पाहत होते, आणि जमिनीच्या मोजणीचे काम त्यांनी हाती घेतले होते. पुढे मुलूख निजामाकडे परत गेला. त्यानंतरचे महसुली दप्तर फसली सनाचे आणि बव्हंशी उर्दूतील आहे. फसली सनात ५९० मिळवले असता स्थूलमानाने इसवी सन निघतो. जुना कागद हाती आल्यावर हे गणित प्रथम करावे लागते.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले. त्यानंतर १३५८ फसलीचा, म्हणजे १९४८-४९ चा, जमिनीच्या अधिकार अभिलेखाचा विनियम अमलात आला. १९५० साली कूळ कायदा आणि १९५४ साली इनामे रद्द करणारा कायदा झाला. मराठवाड्यात ‘खासरा’ या नावाने परिचित असलेले १९५४-५५ चे पाहणी पत्रक याच काळातील आहे. जमिनीचा मूळ धारक कोण, असा प्रश्न उपस्थित झाला की मराठवाड्यातील महसूल कार्यालयांत आजही प्रथम खासरा पत्रकाची नक्कल मागितली जाते. मागोवा घेणाऱ्याच्या दृष्टीने बहुतेक प्रकरणांत तो शेवटचा, किंवा उलट बाजूने पाहिल्यास पहिला, टप्पा ठरतो.

१९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ हा १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आला आणि राज्यभर एकच पद्धत लागू झाली. १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा झाला. २०२३ साली जिल्ह्याचे धाराशिव हे नाव अधिकृत झाले. तत्पूर्वीच्या कागदांवर अर्थातच उस्मानाबाद हेच नाव आढळते. राजवट, भाषा, सन आणि जिल्ह्याचे नाव अशा चार गोष्टी बदलत गेल्या, परंतु शेत आणि त्यावर राबणारे कुटुंब मात्र तेच राहिले. म्हणूनच या जिल्ह्यात ओळीचा मागोवा घेणे अधिक कष्टाचे आणि तितकेच अगत्याचे आहे.

नोंद होते कशी?

मागोवा घेण्यापूर्वी बदलाची रीतसर पद्धत माहीत असणे आवश्यक आहे. अधिनियमाच्या कलम १४९ प्रमाणे, वारसाने, वाटणीने, खरेदीने किंवा अन्य प्रकारे हक्क मिळवणाऱ्याने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला वर्दी द्यावयाची असते. (तलाठ्याचे पदनाम २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी असे झाले असले तरी बोलण्यात जुनाच शब्द रूढ आहे.) व्यवहार नोंदणीकृत दस्ताने झाला असल्यास स्वतंत्र वर्दीची गरज नसते, नोंदणी कार्यालयाकडूनच तशी सूचना जाते.

कलम १५० प्रमाणे तलाठी ही वर्दी फेरफार नोंदवहीत घेतो, तिची प्रत चावडीवर लावतो आणि हितसंबंध असणाऱ्या सर्व व्यक्तींना लेखी नोटीस देतो. हरकत घेण्यास पंधरा दिवसांचा अवधी असतो. हरकत आल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत नोंदवून हरकतदारास पोच दिली जाते आणि सक्षम अधिकारी सुनावणी घेऊन निर्णय देतो. हरकत न आल्यास मंडळ अधिकारी कागदपत्रे तपासून नोंद प्रमाणित करतो किंवा नामंजूर करतो.

नोंद लिहिणारा एक आणि ती प्रमाणित करणारा दुसरा, ही या व्यवस्थेतील मुख्य दक्षता आहे. एकाच हाताने लिहावे आणि त्याच हाताने मंजूर करावे, असे येथे होऊ शकत नाही. दुसरी दक्षता नोटिशीची आहे. मात्र नोटीस कोणाला जाते, हे नीट ध्यानात घ्यावे. ज्यांची नावे अभिलेखात दिसतात त्यांना ती जाते. ज्याचे नाव अभिलेखातून आधीच गळले आहे, त्याच्या दारापर्यंत ती सहसा पोहोचत नाही. पुढील उदाहरणाचे मर्म यातच आहे.

मागे जाण्याची रीत

समजा, तुळजापूर तालुक्यातील एका गावी गट क्रमांक ४७ मधील काही क्षेत्र रेल्वेमार्गासाठी संपादित होत आहे. मोबदल्याची नोटीस दोन भावांच्या नावे आली. औसा तालुक्यात दिलेल्या बहिणीने विचारले, “वडिलांच्या पश्चात माझेही नाव लागले होते, ते कुठे गेले?” भावांनी उतारा काढला. त्यावर बहिणीचे नाव नव्हते. गावात चर्चा सुरू झाली की वाटणीच्या वेळी थोरल्या भावाने तलाठ्याला हाताशी धरून ते काढविले. भावाचे म्हणणे, आपण असे काहीही केलेले नाही. बोलणे वाढले आणि दिवाळीची भाऊबीज त्या वर्षी झाली नाही.

अशा प्रकरणात मागोवा पुढीलप्रमाणे घ्यावा.

पहिली पायरी म्हणजे चालू सातबाऱ्यावरील नावापुढचा फेरफार क्रमांक. येथे तो ८४६ आहे असे मानू. या फेरफाराची नक्कल काढली असता कळते की तो २०११ चा असून वाटणीच्या आदेशावरून झाला आहे. गटाचे ४७/१ आणि ४७/२ असे दोन भाग झाले. नोटीस दोन्ही भावांना गेली, हरकत आली नाही, मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली. ओळीला शेवटचा हात लागला तो येथे. अनेकजण याच ठिकाणी थांबतात आणि दोष निश्चित करून मोकळे होतात.

थांबू नये. दुसरी पायरी म्हणजे हा फेरफार होण्यापूर्वीचा सातबारा. त्यावर काय होते? त्यावरही दोनच नावे आहेत. म्हणजे २०११ च्या तलाठ्याने कोणाचेही नाव कमी केले नाही. त्याच्यासमोर जो अभिलेख होता त्यानुसार त्याने नोंद घेतली.

तिसरी पायरी म्हणजे त्या दोन नावांपुढील आधीचा क्रमांक. तो ३१२ आहे. ही नोंद १९८४ सालची वारसाची आहे. वडील १९८३ मध्ये वारले. वारस म्हणून दोन मुलगे आणि एक मुलगी अशी तीन नावे मंजूर झाली आणि चौथ्या रकान्यात अधिकाऱ्याची सही आहे. म्हणजे बहिणीचे म्हणणे खरे आहे. मग १९८४ मध्ये तीन असलेली नावे २०११ पूर्वी दोन कशी झाली?

चौथी पायरी म्हणजे या दोन क्रमांकांच्या दरम्यानचे सर्व फेरफार चाळणे. बहिणीने हक्कसोडपत्र करून दिले असते तर तो दस्त नोंदणीकृत असावा लागतो, आणि त्यावरून झालेल्या फेरफारात दस्ताचा क्रमांक व तारीख आली असती. तशी एकही नोंद सापडत नाही.

फेरफाराविना बदललेली ओळ

पाचवी पायरी येथून सुरू होते, आणि बहुतेक गुंता तेथेच उलगडतो. हस्तलिखित सातबाऱ्याच्या पानावर पिकांच्या रकान्यात साधारण दहा वर्षांच्या नोंदी मावत. पान भरले की नव्या पानावर उतारा लिहून काढावा लागे. यास पुनर्लेखन म्हणत. शेकडो गटांची पाने हाताने उतरवताना कंस केलेली नावे सोडावयाची आणि चालू नावे घ्यावयाची असत. अशा वेळी कंसाबाहेरचे एखादे नाव नजरचुकीने गळणे, क्षेत्राचा आकडा चुकणे किंवा ‘इतर अधिकार’ या रकान्यातील शेरा राहून जाणे, असे घडत असे.

आपल्या उदाहरणात १९९२ च्या पुनर्लेखनापूर्वीचे पान आणि त्यानंतरचे पान शेजारी ठेवले असता उत्तर मिळते. आधीच्या पानावर फेरफार ३१२ च्या आधारे तीन नावे आहेत. नंतरच्या पानावर त्याच ३१२ क्रमांकाच्या आधारे दोन. मधे एकही फेरफार नाही. आधार बदलला नाही आणि ओळ मात्र बदलली. फेरफाराचा अभाव हाच येथे पुरावा ठरतो. थोरल्या भावाने काही केले नव्हते आणि वाटणीची नोंद घेणाऱ्या तलाठ्यानेही नाही. त्यापूर्वी एकोणीस वर्षांमागे कोणाच्या तरी हातून उतरवून घेताना एक ओळ सुटली होती. नाव पानावरून गेले म्हणून नोटीस गेली नाही; नोटीस गेली नाही म्हणून हरकत आली नाही; हरकत आली नाही म्हणून पुढची नोंद प्रमाणित झाली.

ओळीचा मागोवा घेताना आणखी एका ठिकाणी धागा तुटतो. जमिनीचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध व एकत्रीकरण यासंबंधीच्या १९४७ च्या कायद्याखाली ज्या गावांत एकत्रीकरण योजना राबविण्यात आली, तेथे जुने सर्व्हे क्रमांक जाऊन गट क्रमांक आले. खासरा पत्रकात गट ४७ शोधल्यास तो मिळणार नाही, कारण तेव्हा त्या शेताचा क्रमांक दुसराच होता. अशा वेळी भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरण योजनेचा उतारा घेऊन कोणत्या सर्व्हे क्रमांकाचा कोणता गट झाला हे प्रथम पाहावे, आणि नंतरच मागे जावे.

संगणकाच्या पडद्यावर

सातबाऱ्याचे संगणकीकरण हा या वाटेवरील सर्वांत मोठा बदल होय. हस्तलिखित उतारे संगणकात भरताना झालेल्या चुका शोधण्यासाठी २०१७ साली गावोगावी चावडी वाचनाची विशेष मोहीम घेण्यात आली. संगणकीकृत उतारे ग्रामस्थांसमोर वाचून दाखवावेत आणि हरकती तेथेच नोंदवाव्यात, असा तिचा उद्देश होता. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. ई-फेरफार प्रणालीत नोंद घेणे, नोटीस काढणे, हरकतीचा अवधी आणि प्रमाणन हे प्रत्येक टप्पे तारखेसह नोंदले जातात. प्रलंबित नोंदी ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात.

२०२० साली सातबाऱ्याचा नमुना सुधारण्यात आला. कमी झालेली नावे आता कंसाऐवजी आडव्या रेघेने खोडलेली दिसतात. प्रलंबित फेरफार, शेवटचा फेरफार क्रमांक व त्याचा दिनांक, तसेच जुन्या फेरफारांचे क्रमांक उताऱ्यावरच मिळतात. मागोव्याची पहिली पायरी यामुळे पुष्कळच सोपी झाली आहे.

संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्या मंडळींनाही हाच प्रश्न फार पूर्वीपासून भेडसावत आला आहे, हे येथे सांगितले पाहिजे. एकाच आज्ञावलीवर शेकडो माणसे काम करतात. एखादी ओळ बिघडली की ती कोणी व का बदलली, हे शोधावे लागते. त्यासाठी १९७२ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉकाइंड यांनी प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी पहिली प्रणाली तयार केली. २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्‌स यांनी निर्माण केलेली ‘गिट’ ही प्रणाली आज जगभर वापरात आहे. तीत ‘ब्लेम’ नावाची एक आज्ञा आहे. ती दिली की प्रत्येक ओळीपुढे शेवटच्या बदलाचा क्रमांक, बदल करणाऱ्याचे नाव आणि तारीख उमटते. सातबाऱ्यावरील नावापुढचा फेरफार क्रमांक आणि ही आज्ञा यांत तत्त्वतः फरक नाही.

‘ब्लेम’ या शब्दाचा अर्थ दोष देणे असा आहे. हे नाव अन्यायाचे आहे असे त्या क्षेत्रातील लोकांनाही वाटले असावे. कारण त्याच प्रकारच्या ‘सबव्हर्जन’ या प्रणालीत याच आज्ञेला ‘प्रेझ’, म्हणजे प्रशंसा, असेही दुसरे नाव ठेवलेले आहे. अनुभवी आज्ञावलीकार नवख्यांना बजावतात, की ओळीला शेवटचा हात ज्याने लावला तो चूक करणारा असतोच असे नाही. कोणी केवळ समास नीट केला, कोणी ओळ एका जागेहून दुसऱ्या जागी हलविली, तरी नाव त्याचे लागते. खरे कारण शोधावयाचे तर त्याच्याही मागे जावे लागते. गट ४७ च्या बहीण-भावांचा अनुभव याहून वेगळा नाही.

नोंद आणि मालकी

मागोवा पूर्ण झाला म्हणजे हक्क सिद्ध झाला, असे मात्र समजू नये. कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातील प्रमाणित नोंद, तिच्याविरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. हे गृहीतक महत्त्वाचे आहे. चुकीची नोंद वर्षानुवर्षे तशीच राहू देणे हिताचे नसते ते यामुळेच. परंतु ते गृहीतकच आहे. फेरफाराच्या नोंदीने मालकी निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी स्पष्ट केले आहे. मालकीचा वाद अखेर दिवाणी न्यायालयातच निकाली निघतो.

चूक लेखनाची असेल तर कलम १५५ खाली ती दुरुस्त करता येते. मात्र संबंधितांना नोटीस देऊन आणि हरकती ऐकूनच अशी दुरुस्ती होते. उदाहरणातील बहिणीने तहसीलदारांकडे अर्ज करताना फेरफार ३१२ ची नक्कल आणि पुनर्लेखनापूर्वीच्या व नंतरच्या दोन्ही पानांच्या नकला जोडल्या, तर चूक कोठे झाली हे कागदांवरूनच स्पष्ट होईल. मध्यंतरी वाटणी झालेली असल्याने केवळ लेखनदुरुस्तीने प्रश्न पुरता सुटणार नाही. ८४६ या नोंदीविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करावे लागेल. अशा अपिलाची मुदत साठ दिवसांची असते. ती टळून गेली असल्यास विलंब माफ करण्यासाठी कारण दाखवावे लागते, आणि चुकीची माहिती केव्हा झाली हे तेथे महत्त्वाचे ठरते. भावांनी चूक मान्य केली तर हा सर्व प्रवास पुष्कळ लहान होतो. कागदांनी भावावरचा संशय दूर केलेला असल्याने ती मान्य करणे त्यांनाही जड जाऊ नये.

वारसांची ओळ

गळणारी ओळ पुष्कळदा स्त्रीची असते. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ ने मुलीला वडिलांच्या मिळकतीत वारस ठरविले. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून आणि केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून तिला वडिलोपार्जित मिळकतीत सहदायादाचा हक्क दिला. कायद्याने दिलेला हक्क कागदावर उतरतो तो वारसाच्या फेरफारातून. वारसाची वर्दी देताना सर्व मुलींची नावे दिली आहेत किंवा नाहीत, हे पाहण्याची जबाबदारी कुटुंबाची आहे. बहिणीला स्वखुशीने हक्क सोडावयाचा असेल तर तो नोंदणीकृत दस्ताने सोडता येतो. न सांगता नाव वगळणे हा त्याला पर्याय नव्हे.

मृत खातेदारांची नावे उताऱ्यावर तशीच राहणे, हा याच प्रश्नाचा दुसरा भाग आहे. १ एप्रिल २०२५ पासून राज्यात राबविण्यात आलेली ‘जिवंत सातबारा’ मोहीम त्यासाठीच होती. मयत खातेदारांच्या जागी त्यांच्या वारसांची नोंद करून अभिलेख अद्ययावत करावा, हा तिचा उद्देश. धाराशिव जिल्ह्याला या विषयाची एक निराळी आठवण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात सास्तूर परिसरातील अनेक घरांत कर्ती माणसे एकाच वेळी गेली. लातूर व धाराशिव या दोन जिल्ह्यांतील बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली आणि त्यासाठी शेतजमिनी घेण्यात आल्या. वारसाची नोंद, संपादनाची नोंद आणि नव्या गावठाणाची नोंद, अशा तीन वाटा तेथे एकत्र आल्या. त्या भागातील सातबारा वाचताना १९९३ नंतरच्या काही वर्षांचे फेरफार विशेष लक्षपूर्वक पाहावे लागतात.

खातेदाराने काय करावे?

वर्षातून एकदा तरी आपला उतारा काढून तो पूर्ण वाचावा. नाव, क्षेत्र, इतर अधिकार आणि शेवटचा फेरफार क्रमांक या चार गोष्टी मागील वर्षीच्या उताऱ्याशी ताडून पाहाव्यात. नवा क्रमांक आढळला तर तो कशाचा आहे, हे विचारावे. कर्ज फेडल्यावर बोजा कमी झाल्याचा फेरफार झाला किंवा नाही, ते पाहावे. गावाबाहेर दिलेल्या मुलींनी आणि नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस गेलेल्या भावंडांनी माहेरच्या किंवा गावच्या गटाचा उतारा अधूनमधून संकेतस्थळावर पाहावा. चावडीवर लावलेली नोटीस त्यांच्या दृष्टीस पडत नाही, परंतु ‘आपली चावडी’ सर्वांना खुली आहे.

जुने कागद जपून ठेवावेत. पुनर्लेखनापूर्वीचा पिवळा पडलेला उतारा, फसली सनाची पावती, खासऱ्याची नक्कल ही रद्दी नव्हे. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून नकला मिळतात. तथापि कोणत्या क्रमांकाची नक्कल मागावयाची हे ज्याला ठाऊक असते, त्याचे काम लवकर होते. तो क्रमांक घरातल्या जुन्या कागदावरच सापडतो.

आणि उताऱ्यात चूक आढळली, तर माणसाला दोष देण्यापूर्वी क्रमांक पाहावा, त्या क्रमांकामागचा क्रमांक पाहावा, आणि दोहोंमध्ये कोणता कागद कमी आहे हे शोधावे. बांधावरचे पुष्कळ वाद त्या एका कागदाच्या अभावी चाललेले असतात. तो सापडला म्हणजे चूक दुरुस्त होण्याचा मार्ग खुला होतो, आणि पुढल्या भाऊबीजेला बहिणीने माहेरी यावे यासाठी घराचे दारही उघडे राहते.